देवीला दिलेलं जाळं

खूप जुनी गोष्ट आहे. समुद्राला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची.

एका कोळीवाड्यात रीत होती. जाळं पार फाटलं, की त्याला हळदकुंकू लावायचं आणि समुद्रात सोडायचं. "देवीचं देवीला," म्हातारे हात जोडून म्हणायचे. मग त्या जाळ्याला कुणी हात लावायचा नाही. लावला, तर त्या घरची होडी बुडते म्हणे. दारातली अडगळ जायची, वर पुण्यही पदरात पडायचं. म्हाताऱ्यांना आणखी काय हवं?

एका सकाळी ओहोटीला मंजुळा कालवं काढायला निघाली. किनाऱ्यावर दोऱ्यांची भेंडोळी, तुटकी वल्ही, मेलेले मासे पडले होते. त्यातच एक कासवीण होती. मानेत आणि पुढच्या पायांत जाळं रुतलेलं. श्वास घेताना ती घरघरत होती.

मंजुळानं ओल्या पदरानं तिच्या डोळ्यांतली वाळू पुसली. "थांब गं बाय," म्हणत तिनं कमरेची कोयती काढली.

तोवर म्हातारे जमले. "देवी भेटायला आली!" म्हणत कुणीतरी कासविणीच्या पाठीवर कुंकू टाकलं. पाटीलबाबा नारळ घेऊनच आले होते.

"कोयती ठेव!" ते ओरडले. "जाळं देवीचं आहे. तुझा नवरा समुद्रावर गेलाय, विसरलीस?"

मंजुळानं एकदा समुद्राकडे पाहिलं. कासवीण पुन्हा घरघरली, आता अगदी हळू.

"देवीला हवं असतं तर तिनं ठेवून घेतलं असतं, बाबा. तिनं परत पाठवलंय. आणि ही गाठ कुणाची, ते तुम्हीच बघा."

पाटीलबाबा वाकले. दुहेरी पीळ, डाव्या हातानं मारलेला. सबंध वाड्यात अशी गाठ ते एकटेच मारत. त्यांनी हातातला नारळ वाळूत ठेवला.

बाळाची नखं काढावीत, तसा मंजुळानं एकेक दोरा कापला. कासवीण मोकळी झाली, पण तिच्यात हलायचं त्राण नव्हतं. मंजुळा एकटी ढकलू लागली. म्हातारे बघत उभे राहिले. मग पाटीलबाबा वाळूत गुडघे टेकून मंजुळाच्या शेजारी बसले. "चल आई, चल," म्हणत दोघांनी तिला लाटेपर्यंत नेलं. लाटेनं तिला अलगद उचललं.

संध्याकाळी मंजुळाचा नवरा सुखरूप परतला. आपली भीती किती पोकळ होती, ते वाड्याला कळलं.

तेव्हापासून फाटकी जाळी वाड्यातच राहू लागली. सुकत घातलेल्या मासळीवर ती पांघरली, की कावळ्यांची चोच आत जात नसे. इतक्या वर्षांत एकाही म्हाताऱ्याला हे सुचलं नव्हतं. टाकून देऊन हात जोडणं सोपं होतं ना!

बोध: देवाच्या नावानं टाकली, तरी आपली घाण आपलीच असते; ती आपणच उचलावी.