पांढऱ्या सूर्याची पळी

एका राज्यात आभाळात दोन सूर्य होते. एक तांबडा, फुगलेला. दुसरा पांढरा, केव्हाच विझलेला. दिसायला भोपळ्याएवढा, पण डोंगरांहून जड. तो तांबड्याभोवती फिरे आणि त्याचा जाळ ओढून अंगावर घेई. पुरता भरला की तो फुटेल, या धास्तीने राजाने विखारनाथ नावाचा मायावी नेमला. नाथ दरवर्षी शिखरावरून तांब्याच्या पळीने त्याचा वरचा जाळ उतरवी. उतरवलेला जाळ खाली गावांवर पडे. यंदा त्यात कोंडबा जळाला.

कोंडबाचा धाकटा भाऊ राणू त्याची राख सावडून तसाच शिखराकडे निघाला. वाटेत एका साळुंकीने त्याला सांगितलं, की पळीतला जाळच तेवढा खाली सांडतो. सूर्य फुटला तर सगळा जाळ आभाळापार उडून जाईल. नाथाला हे ठाऊक होतं. पण सूर्य गेला की त्याचा मानही जाणार होता.

नाथ राणूला म्हणाला, तीन कामं कर, भाऊ जिवंत करतो. मेलेल्याला उठवणं नाथाला साधत होतं.

पहिलं काम, पांढऱ्या सूर्याची चिमूटभर माती आणायची. चिमूट हत्तीहून जड. राणूच्या खांद्याचं हाड मोडलं, पण त्याने ती आणली. दुसरं, दोन सूर्यांमधल्या जाळाच्या ओढ्यात घटकाभर उभं राहायचं. राणूचे केस जळाले. तो हलला नाही. तेव्हा समोर कोंडबा दिसू लागला. धुक्यासारखा, पण हसणं त्याचंच.

तिसऱ्या कामासाठी नाथाने पळी पुढे केली. "आता जाळ उतरव आणि भावाला घरी ने."

"हा कुणावर पडेल?"

"तुझ्यावर नाही."

राणू भावाकडे बघत राहिला. "दादा, माझ्याने होणार नाही."

"मग रडतोस काय, येड्या? मोड ती."

राणूने पळी गुडघ्यावर मोडली. कोंडबा हसत हसत विरला.

"मूर्खा, सूर्य फुटेल," नाथ ओरडला.

"फुटू दे."

साळुंकीने राणूला भुयारात नेलं. पांढरा सूर्य जाळ पीत राहिला, काठोकाठ भरला आणि फुटला. महिनाभर रात्र झाली नाही, पण गावांवर ठिणगीही पडली नाही. त्या सूर्याची राखसुद्धा उरली नाही, शिखरावरच राहिलेल्या नाथाचीही नाही. तांबडा सूर्य मोकळा झाला आणि एकटा आपल्या वाटेने उगवू लागला.

राजाने राणूला पालखी धाडली. राणूने ती रिकामी परत पाठवली. निरोप दिला, की राजाने आधी जळालेल्या माणसांच्या घरी पायी जावं, एकही घर सोडू नये, आणि मग इकडे यावं.

राजा निघाला. राणूच्या दारी पोचायला त्याला सव्वा वर्ष लागलं.