बिनअक्षरी विजयस्तंभ

वज्रसेन राजाच्या राज्यात जुना नियम होता: सभेच्या संमतीवाचून युद्ध पुकारायचं नाही. शेजारच्या राज्यावर चढाईची तयारी करताना वज्रसेनानं सभेला विचारलंच नाही. सभेनं जाब मागितला तेव्हा म्हणाला, "हे कुठलं युद्ध? साधा बंदोबस्त आहे." आणि फौज धाडली.

तीन महिन्यांनी निम्मी फौज परतली. परतलेल्यांत मल्हारबा पाथरवटाचा मुलगा नव्हता.

राजानं चौकात उंच दगड उभा करवला आणि मल्हारबालाच बोलावलं. "यावर कोर, महायुद्धातला महाविजय!"

मल्हारबानं छिन्नी टेकवली अन् थांबला. "कोरतो, महाराज. फक्त एवढं सांगा, तेव्हा सभेला खोटं सांगितलंत, की आता दगडाला सांगायचंय?"

दगड आजही कोराच आहे.