भरतीची घंटा

फार फार पूर्वी, घड्याळ कुणी पाहिलंही नव्हतं तेव्हा, खाडीकाठच्या एका गावात राणीचे दोन हरकारे विहिरीवर पाणी प्यायला थांबले. ओंजळीनं पाणी पिता पिता एक दुसऱ्याला म्हणाला, "जो विद्यार्थी जिंकेल ना, त्याचं नाव राणीसाहेब सोन्याच्या…"

नेमका तेव्हाच रहाट करकरला आणि पुढचं बोलणं त्यात बुडालं.

पण सुंद्राकाकी तिथंच कळशी घासत होती. अशी एक काकी प्रत्येक गावात असते. शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते तिला घरच्यांच्या आधी कळतं. अर्धी राहिलेली गोष्ट तिनं दारापर्यंत पोचता पोचता पुरी करून टाकली.

"सोन्याच्या पाटीवर लिहिणार, बायांनो! अख्खी पाटी सोन्याची! राजवाड्याच्या दारावर टांगणार!"

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली तेव्हा खरी हकीकत कळली. गावोगावची कितीतरी मुलं पाठशाळेबाहेर राहतात. त्यांच्यापर्यंत विद्या पोचेल अशी युक्ती पाठशाळेच्या विद्यार्थ्यांनी शोधावी. अष्टमीला राणीसाहेब स्वतः बघायला येणार.

झालं! गावभर ठोकाठोकी सुरू झाली. ज्याच्या त्याच्या अंगणात बांबू, खिळे आणि दोऱ्या. पाटीचं तर दवंडीवाल्यानं नावही काढलं नव्हतं, पण तिची स्वप्नं सगळ्यांनाच पडायला लागली.

पोवळी नावाच्या एका मुलीला मात्र ती पडत नव्हती. ती खाडीकाठच्या वाडीतली. त्या वाडीतली अकरा मुलं पाठशाळेत होती, पण ओहोटी लागली की आयांबरोबर चिखलात उतरून तिसऱ्या, कालवं असले शिंपले वेचायची. न वेचली तर संध्याकाळी ताटात काय? आणि ओहोटी काही रोज एकाच वेळी येत नाही. आज सकाळी, तर चार दिवसांनी दुपारी. त्यामुळे ही मुलं कधी पाठशाळेत दिसत, कधी नाही.

पंतोजींना हे गणित ठाऊक नव्हतं. ते वरच्या आळीतले. पाण्यानं भरलेल्या तांब्याच्या घंगाळात भोक पाडलेली वाटी सोडायची आणि ती ठरल्या वेळी बुडाली की पाठशाळा भरवायची, एवढं त्यांना ठाऊक. माणूस वाईट नव्हता, पण वाटीचा मोठा अभिमान. या महिन्यापासून त्यांनी नवा नियम काढला होता. सगळ्यांची नावं एका लाकडी फळीवर खडूनं लिहिली होती. जो सलग तीन दिवस येणार नाही, त्याचं नाव तिसऱ्या संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायचं. पुसलं ते पुसलं.

वाडीतल्या मुलांचे दोन दिवस बुडाले होते. तिसरा दिवस नेमका अष्टमीचा. त्या अकरांत पोवळी होती, तिची धाकटी बहीण मोतीही होती.

कुंपणावरून डोकावून सुंद्राकाकीनं पोवळीला विचारलं, "काय गं, भोपळ्याला काठी कसली बांधतेस?"

"घंटा करतेय, काकी."

"सोन्याच्या पाटीसाठी वाळका भोपळा? वाडीचं हसं करशील, पोरी!" एवढं बोलून काकी तरातरा घरात गेली आणि आपल्या मोडक्या होडीवरची पितळी घंटा घेऊन आली. "हे घे. निदान वाजेल तरी."

अष्टमीला राणीसाहेबांची पालखी आली. बांधाजवळच्या पाठशाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. रिकामे होते ते फक्त दहा पाट; वाडीतली पोवळी तेवढी आली होती.

वैद्यांच्या मुलानं तांब्याची लांबलचक नळी आणली होती. या टोकाला पंतोजींनी शिकवायचं, त्या टोकाला खाडीवर ऐकू येणार. पंतोजींनी मोठ्यांदा श्लोक म्हटला, पण नळीत खेकडा शिरला होता. पलीकडे नुसती खरखर! सुताराच्या मुलीनं ताटाएवढ्या अक्षरांचा पतंग उडवला. लोकांनी टाळ्या पिटल्या. राणीसाहेबांनी कपाळावर हात आडवा धरून खाडीकडं पाहिलं. चिखलात वाकलेल्या पाठी दिसल्या. त्यातली एकही वर बघत नव्हती.

मग पोवळीनं सगळ्यांना बांधावर नेलं. खाडीच्या बाजूला दोन वासे रोवलेले, मध्ये वाळका भोपळा, भोपळ्यावर उभी काठी, आणि काठीच्या वर टांगलेली घंटा.

"वाजव बघू," राणीसाहेब म्हणाल्या.

"आत्ता नाही वाजणार, राणीसाहेब. आत्ता ओहोटी आहे."

जो तो खो-खो हसला. "न वाजणारी घंटा!" वैद्यांचा मुलगा ओरडला. सुंद्राकाकीनं कपाळावर हात मारून घेतला.

पोवळीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. "पाणी चढलं की भोपळा चढेल आणि काठी घंटेला ढोसेल. तेव्हा चिखल बुडालेला असतो, आमचं काम संपलेलं असतं. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, घंटा वाजली की पाठशाळेत या. फक्त तोवर थांबायला हवं."

"भरती कळायला त्या पोरांना घंटा कशाला हवी?" पंतोजी म्हणाले. "त्यांना पाण्याची वेळ तोंडपाठ!"

"होय, पंतोजी. म्हणूनच ही घंटा त्यांच्यासाठी नाही. तुमच्यासाठी आहे."



राणीसाहेब बांधावरच बसल्या. "थांबू," म्हणाल्या.

उन्हं कलली. पालखीचे भोई भुकेनं कासावीस झाले. पाठशाळा सुटायची वेळ झाली तसे पंतोजी फळीपाशी गेले. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातानं ते दहा नावं शोधत होते. पोवळीची नजर पाण्यावर. पाणी वाशांना लागलं. भोपळा जरासा हलला, तिरका झाला, अडकला! पोवळीनं ओठ घट्ट दाबले. एक लाट आली आणि भोपळा सुटून टुणकन वर उडाला.

ठण्!

मग पुन्हा ठण्, ठण्, ठण्! लाटांबरोबर भोपळा नाचत होता आणि घंटा थांबायचं नाव घेईना. खाडीकडून दहा मुलं धावत सुटली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टोपल्या, सगळ्यांत पुढं मोती. पाठशाळेत शिरून तिनं धापा टाकत विचारलं, "पंतोजी, आमची नावं आहेत ना अजून?"

पंतोजींनी हातातल्या फडक्याकडं पाहिलं. खाली बसून ते त्याच फडक्यानं मोतीचे पाय पुसू लागले.

त्या दिवशी पाठशाळा दुसऱ्यांदा भरली. पुढं ती रोजच भरतीच्या घंटेवर भरू लागली. वरच्या आळीतली मुलं चार दिवस कुरकुरली, मग त्यांनाही पाण्याची वेळ पाठ झाली.

"सोन्याची पाटी कुठाय?" त्या संध्याकाळी गर्दीतून सुंद्राकाकीला राहवलं नाही.

राणीसाहेब हसल्या. त्यांनी कमरेचा सोन्याचा बोरू काढला, पुसता न येणाऱ्या काळ्या शाईत बुडवला आणि त्याच जुन्या लाकडी फळीवर पोवळीचं नाव लिहिलं. पोवळी त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. मग त्यांनी खडूची दहा नावंही शाईनं गिरवली.

"पाटी नाही, तर नाही," काकी शेजारणीला म्हणाली. "पण सोनं निघालं की नाही? अर्धं तरी माझं खरं ठरलं!"

तात्पर्य: जे शिकायला येत नाहीत त्यांचं नाव पुसण्याआधी, त्यांना मोकळा वेळ कधी असतो ते विचारावं.