चार विड्यांचं अंतर

“जायला पाच तास आणि यायला तीन? दोन तास विमान ढगावर टेकवून झोपा काढतोस काय रे?”

राजा रणमल्ल कडाडला. समोर वैमानिक भिवा उभा होता. माडबेटाहून विमान आठला सुटे आणि पूर्वेच्या शिंपबेटावर एक वाजता उतरे. तिथून दोनला निघे, ते पाचच्या ठोक्याला माडबेटावर हजर! घड्याळं चुकीची म्हणावीत, तर तीही सोय नाही. रोज सूर्याची कोर दिसली की नगारा वाजवायचा आणि काटे सहावर आणायचे, ही दोन्ही बेटांवर रणमल्लाच्या आजोबांपासूनची रीत.

“अंतर तेच पाचशे कोस! उद्या जाणं-येणं सारख्याच वेळात झालं पाहिजे. विमान जोरात हाकायचं नाही, रेंगाळायचंही नाही. जमलं नाही, तर टोपी उतरव आणि जन्मभर नारळ सोलत बस!”

राजामागे सगुणा तबक धरून उभी होती. भिवा तिचा धाकटा भाऊ. महाराजांना विडे लावून देणं हे तिचं काम. राजवैद्यांनी तासाला एकच विडा सांगितलेला, म्हणून तबकात तासाभराचं वाळूचं घड्याळ असे. महाराज इतके हावरे, की ते स्वतःच वाळूवर डोळे लावून बसत आणि शेवटचा कण पडताच घड्याळ उलटवून हात पुढे करत!

गेल्या साली शिंपबेटाच्या जत्रेला जाता-येताना आपण किती विडे लावले, ते सगुणेला आठवलं. ती गालात हसली.

“महाराज, मी जमवून देते! पण आपण स्वतः विमानात हवेत.”

“तू? पानाला चुना लावणारी?”

“उद्या फक्त पानालाच लावीन, महाराज!”

दुसऱ्या दिवशी विमान गेलं आणि आलं. जाताना पाच, येताना तीन! भिवानं टोपी काढली.

“हरलीस, सगुणे!” राजा म्हणाला.

“महाराज, जाताना विडे किती खाल्लेत?”

“चार.”

“आणि येताना?”

“चारच. पाचवा तू दिलास कुठे?”

“वाळू कुणी उलटली?”

“मीच! एक कण सोडला नाही!”

“मग पाच तासांत चारच विड्यांवर आपण गप्प बसलात? आणि तीन तासांत चार खाल्लेत, हे वैद्यबुवांना सांगू का?”

राजा चघळायचाच थांबला. “अगं, मग जाताना एक तास घातला कुणी, आणि येताना चोरला कुणी?”

“आपल्या आजोबांच्या नगाऱ्यानं! सूर्य शिंपबेटावर आधी उगवतो. तिथे सहाचा नगारा झडतो, तेव्हा माडबेटावर अंधार, पाचच वाजलेले! तिथलं घड्याळ तासभर पुढे. जाताना तो तास वाढतो, येताना गळतो. माझा भिवा बिचारा दोन्ही वेळा चार तासच उडतो!”

राजा असा खदखदून हसला, की अंगरखा लाल झाला! त्यानं टोपीला मोत्यांचा तुरा खोवून ती भिवाच्या डोक्यावर ठेवली. सगुणेला विमानात खिडकीजवळची जागा कायमची बहाल केली. आणि दोन्ही विमानतळांवर पाट्या लावायचा हुकूम सोडला: ‘अंतर पाचशे कोस, वेळ चार विडे.’

मग त्यानं हळूच तबकाकडे हात नेला.

“वाळू आत्ताच उलटलीय, महाराज!” सगुणा म्हणाली.