बळीराजाच्या वहाणा

एकदा एका गुणी चित्रकार शिष्याच्या हातून एक राजा घराबाहेर काढला गेला, आणि तीन वर्षं त्या शिष्याला त्याचा पत्ताही नव्हता.

राजा म्हणजे आपला बळीराजा. वामनाने मस्तकी पाय ठेवून पाताळात धाडलेला, आणि वर्षातून एक दिवस, दिवाळीच्या पाडव्याला, आपल्या माणसांना भेटायला येणारा. त्या गावात पाडव्याच्या पहाटे बायका माजघरात रांगोळीने त्याचं चित्र काढीत, त्याला ओवाळीत आणि म्हणत, 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो.' चित्र साधंच असे. मुकुट, मिशा, हातात कणीस आणि दोन अनवाणी पावलं.

एका दिवाळीच्या तोंडावर गावचा वहाणांचा व्यापारी या शिष्याकडे आला. म्हणाला, "बाजारातल्या माझ्या भिंतीवर बळीराजा काढ. पायांत मात्र माझ्या दुकानातल्या वहाणा हव्यात, लाल गोंड्यांच्या." शिष्याने त्या चित्रात जीव ओतला. बाजाराला आलेली माणसं भाजी विसरून भिंतीकडे पाहत राहत. चित्राखाली त्याने स्वतःच सुचवलेली ओळ होती : 'राजा ओळखावा वहाणांवरून!' त्याच्या वृद्ध गुरुजींनी चित्र पाहिलं आणि "गोंडे छान जमलेत," एवढंच म्हणून ते घरी गेले.

आता आपल्याकडे डोळ्यांत भरलेलं हातात उतरायला कितीसा वेळ लागतो? त्याच पाडव्याला गावभरच्या रांगोळीतल्या बळीच्या पायांत लाल गोंड्यांच्या वहाणा आल्या. जाहिरात फळाला आली. व्यापारी खूश, आणि शिष्याला तर आकाश ठेंगणं झालं. त्याच आनंदात तो परगावी कामाला गेला.

तिसऱ्या वर्षी पाडव्याला तो सगुणाआत्याकडे परतला. आईविना पोराला या आत्यानेच वाढवलं होतं. पाहतो तर आत्या अंगणात, थंडीत, वाकून रांगोळी काढते आहे, आणि शेजारच्या कोंबड्या राजाच्या मिशांवरून खुशाल चालताहेत.

"आत्या, अंगणात का गं? माजघराला काय झालं?"

"अरे, वहाणा घातलेल्या माणसाला देवघरापर्यंत कसं न्यायचं? तू गेल्यावर पहिल्या वर्षी ओसरीवर काढला, तेही बरं दिसेना. आता सगळ्याच जणी बाहेर काढतात."

"मग पूर्वीसारखा अनवाणी काढ की."

आत्या हसली. "अनवाणी? पोरं म्हणतात, हा कुठला बळी, हा तर कुणाचा तरी गडी! राजा वहाणांवरून ओळखायचा असतो, बाबा." मग बोटांतली चिमूट तशीच धरून ती म्हणाली, "वाईट वाटतं रे. वर्षातून एकदा येतो बिचारा, नि दारातूनच परत जातो."

ती ओळ आपली, हे सांगायचा शिष्याला धीर झाला नाही. त्याने व्यापाऱ्याच्या हातापाया पडून भिंतीला चुना फासला. वर्षभर भिंत कोरी राहिली. पण पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी आत्या पुन्हा अंगणच सारवायला बसली. तो खाली मान घालून गुरुजींकडे गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. गुरुजी म्हणाले, "उद्या पहाटे गेरूचं वाडगं घेऊन ये."

बायका रांगोळीला बाहेर पडण्याआधीच दोघे निघाले. प्रत्येक दारी गुरुजी गुडघे धरत वाकले आणि उंबऱ्याच्या बाहेर, अगदी लगत, वहाणांचा एकेक रिकामा जोड काढत गेले. गोंड्यांसकट! शिष्याला राहवेना.

"गुरुजी, ज्या वहाणांनी घात केला, त्याच तुम्ही दारोदार काढताय?"

"वाडगं सरळ धर," गुरुजी म्हणाले.

आत्याच्या दारातला जोड तिरपा उमटला. शिष्य तो पुसून नीट करायला वाकला, तर गुरुजींनी त्याचा हात धरला. "राहू दे."

इतक्यात कडी वाजली. दोघे तुळशीवृंदावनाआड झाले. आत्या रांगोळीचा डबा घेऊन आली, उंबऱ्याशी थबकली, तिने खाली पाहिलं, आणि तिचा चेहरा फुलला.

"अगं बाई! राजा आत गेला वाटतं!"

ती तशीच मागे वळली. उघड्या दारातून शिष्याला दिसलं, आत्या माजघरात बसून राजाची पावलं काढत होती. अनवाणी. बोटांना सगळं आठवत होतं. शेजारच्या घरातूनही हसू ऐकू आलं, आणि तिथलाही डबा आत गेला. शिष्याचे डोळे भरून आले.

गुरुजी ओट्यावर टेकले. म्हणाले, "तू भिंत पुसलीस, पण लोकांना ते चित्र आवडलं होतं, आणि आवडलेलं कुणी पुसू देत नाही. त्यात खोटं तरी काय होतं? राजाला वहाणा असायच्याच. जाहिरातीला वहाणा दाखवायच्या असतात, म्हणून ती राजाला वहाणा घालून उभा करते आणि तिथेच थांबते. दारी आलेला माणूस पुढे काय करतो, ते सांगणं आपल्याकडे होतं. तेवढं मी सांगितलं."

"आणि हा जोड तिरपाच का ठेवलात?"

"वहाणा जुळवून ठेवतो तो पाहुणा. आपल्या घरी आलेला माणूस काढतो नि आत पळतो."

उजाडल्यावर व्यापारी धावत आला. "गुरुजी, घरोघर माझ्या वहाणा उंबऱ्याशी! कमाल केलीत!"

"केली खरी," गुरुजी हसले. "फराळाला आत चला. तुमच्याही मात्र तिथंच काढा."

आतून आत्याची हाक आली, "ये रे लवकर, राजाला ओवाळायचंय!" शिष्य लगबगीने आत गेला. ओवाळून झालं, फराळ झाला, आत्याच्या कानात त्याने त्या ओळीची कबुलीही दिली, आणि पाठीत एक प्रेमाचा धपाटा खाल्ला. बाहेर येऊन पाहतो तर राजाच्या वहाणांशेजारी त्याच्या स्वतःच्या वहाणा पडल्या होत्या, एक दाराकडे तोंड करून, दुसरी तुळशीकडे. तो जुळवायला वाकला, जरा थांबला, आणि तशाच ठेवून पुन्हा आत गेला.