गिरणीपासून नळापर्यंत

"...पण मग हे चौदा महिने भरून काढायचे कसे, मास्तर?"

इलाही मास्तर क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरून ओली करत बसले होते. तोंडात पत्ती असताना बोलता येत नाही. नसती तरी ते बोलले असतेच असं नाही.

अभिनंदन वाट पाहत उभा राहिला. वाट पाहणं हा काही त्याचा गुण नव्हता.

सहा वर्षांचा असताना तो याच मास्तरांच्या बँडमागून चालत चालत पार शेजारच्या गावाला पोचला होता, आणि इकडे घरच्यांनी दोन विहिरी धुंडाळल्या होत्या. त्याला सूर धरायला शिकवलं ते मास्तरांनीच. पुढे तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, गिटार घेतली, केस वाढवले, चौघांनी मिळून रॉक बँड काढला. कॉलेजच्या गॅदरिंगला तीन हजार पोरं त्याच्या नावानं घसा फोडून ओरडली होती. तेव्हापासून त्याची मान जरा ताठच असायची.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. वडील आधीच गेलेले, भावंडं नाहीत. गिटार पेटीत घालून तो गावी आला, तो चौदा महिने आईच्या खाटेशीच राहिला.

आईला जाऊन आता महिना झाला होता.

तिकडे बँडनं दुसरा गिटारवाला बघून ठेवला होता. शनिवारी ये, असा निरोप होता, दोघांचंही ऐकतो आणि काय ते ठरवतो. अभिनंदननं पेटी उघडली. बोटं त्याचीच होती, पण त्याचं ऐकत नव्हती.

"रोज आठ तास बसतोय, मास्तर. तरी जिथं सोडलं होतं तिथं पोचत नाही."

मास्तरांनी पत्ती तोंडातून काढली, उजेडात धरून पाहिली.

"जितं सोडलं हुतंस, तितं काय हाय?"

"माझं वाजवणं आहे तिथं. दुसरं काय असणार?"

"दुपारी परण्या हाय. जाधवाच्या थोरल्याचा. येतोस?"

परण्या म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीला जातो आणि त्याच वाटेनं मांडवात परत येतो, ती मिरवणूक. अभिनंदनला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

"परण्यात? मी?"

"गिटार घिऊन ये. गाडीवर भोंगं हाईत आपल्या."

"पुण्यात कळलं ना कुणाला..."

"कळंना का," मास्तर म्हणाले आणि पत्ती क्लॅरिनेटला बसवू लागले.

राग आला होता त्याला, पण तो गेला. का गेला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

*

वैशाखातली दुपार. रस्ता इतका तापलेला, की लांबून येणारा माणूस पाण्यातून चालत आल्यासारखा हलत होता. घोड्यावरचा नवरदेव मुंडावळ्यांच्या आड घामाघूम झाला होता. पुढे बँड, त्यातच बॅटरी आणि भोंगे ठेवलेली ढकलगाडी, आणि गाडीला वायर जोडून गिटार गळ्यात घातलेला अभिनंदन. खुळखुळावाल्या तुकारामनं त्याच्या केसांकडे पाहून मान हलवली. नावं ठेवली की कौतुक केलं, कळलं नाही.

जुन्या सिनेमातलं एक गाणं चाललं होतं. सोपं. अभिनंदननं तिसऱ्या ओळीला ते पकडलं आणि पाचव्या ओळीला त्यात आपल्या चार हरकती घुसवल्या. नाचणारी पोरं चेकाळली. आपण अजून आहोत, असं त्याला घटकाभर वाटलं.

पिठाच्या गिरणीपाशी मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि काखेत धरली.

बँड बंद.

एका क्षणात, मुखड्याची ओळ संपता संपता. ढोल, साईड ड्रम, पितळी वाद्यं, सगळं. अभिनंदनची गिटार तेवढी एकटी वाजली आणि तोही ओशाळून थांबला. नाचणाऱ्या पोरांनी हात खाली केले. बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले.

गिरणीच्या पुढचं चौथं घर. दारात चपलांचा ढीग. ओट्यावर चार माणसं गुडघे जवळ घेऊन बसलेली, आणि खांबाला टेकून एक म्हातारा. त्याची बायको गेल्या आठवड्यात गेली होती. दुखवट्याच्या घरापुढून वाजवत जायचं नाही, ही गावची रीत.

अभिनंदननं त्या चपलांकडे एकदाच पाहिलं. महिन्यापूर्वी अशाच चपला त्याच्या दारात होत्या. त्यानं पटकन मोबाईल काढला आणि पुण्याहून काही आलंय का ते बघू लागला. काही आलं नव्हतं. त्यानं घाम पुसला, गिटारचा पट्टा सारखा केला आणि पुन्हा मोबाईल बघितला. तिकडं बघायला लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

नुसते पायांचे आवाज. घोड्याच्या टापा. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं.

सार्वजनिक नळापाशी मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली.

आणि बँड वाजू लागला. कुणी हूं म्हटलं नाही, कुणी आकडे मोजले नाहीत. अभिनंदननंही झटक्यात तार छेडली, अगदी बरोबर, जिथं सोडलं होतं तिथूनच.

पण बँड तिथं नव्हताच. बँड दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर होता.

दोन गाणी एकमेकांच्या अंगावर पडली. भोंग्यातून जे काय निघालं त्यानं घोडा बुजला आणि नवरदेवानं आयाळ धरली. "अगं बाई, ह्याचं काय बिनसलं?" असं करवल्यांमधलं कुणीतरी म्हणालं. तुकाराम खुळखुळा वाजवत वाजवत पोट धरून हसत होता.

अभिनंदनचे कान तापले. तीन हजार पोरांपुढे जे कधी झालं नव्हतं, ते जाधवांच्या करवल्यांपुढे झालं होतं.

*

मारुतीच्या देवळात नवरदेव पाया पडायला आत गेला. बँडवाले पारावर टेकले.

"कुठून धरायचं ते सांगितलं नाहीत तुम्ही," अभिनंदन म्हणाला. आवाज जरा चढलाच होता.

"तू कुठनं धरलास?"

"जिथं सोडलं तिथून! मुखड्याच्या शेवटापासून. चुकलं कुठं माझं?"

"आन सोडलास तवा तू हुतास कुठं?"

"गिरणीपाशी."

"धरलास तवा?"

"नळापाशी."

मास्तर तांब्यातलं पाणी प्यायले. उरलेलं त्याच्यापुढे धरलं.

"पाय तर चालत हुते की लेका तुझे."

अभिनंदननं पाणी घेतलं नाही. हा माणूस आपल्याला कोड्यात बोलून टोलवतोय, असं त्याला वाटलं. गिटार खांद्याला मारून घरी निघून जावं, असंही वाटलं. पण नवरदेव बाहेर आला, घोडा आणला गेला, आणि मास्तर उठले.

परतीची वाट तीच होती.

गाणं मात्र नवं निघालं, संथ चालीचं. या वेळी अभिनंदननं हरकत एकही घेतली नाही. तो मास्तरांच्या मागे मागे, त्यांच्या पाठीकडे बघत वाजवत राहिला.

आता नळ आधी आला. मास्तरांनी टोपी काढून काखेत धरली.

बँड बंद.

अभिनंदननं गिटारचा आवाज शून्यावर आणला. हात खिशाकडे गेला, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष मास्तरांच्या बोटांकडे गेलं.

बोटं चालली होती.

क्लॅरिनेट छातीशी आडवं, ओठांपासून दूर. फुंक नाही. पण बोटं भोकांवर पडत होती, उठत होती, एखाद्या जागी लांबत होती. त्यानं शेजारी पाहिलं. पितळी वाद्यांवरची बोटंही कळांवर अलगद खालीवर होत होती. ढोलवाला टिपरू कातड्यापासून वीतभर वरच हलवत होता. तुकारामची मान डुलत होती. सगळा बँड वाजत होता, आणि गल्लीत शब्द नव्हता.

ऊन पांढरं झालं होतं. आपण झोपेत चालतोय की काय, असं अभिनंदनला वाटलं. घरं हळूहळू मागे सरकत होती, आणि पुढचं घर ते होतं. चपला तिथंच होत्या. या वेळी त्यानं नजर चुकवली नाही.

खांबाला टेकलेला म्हातारा समोरून जाणाऱ्या बँडकडे बघत होता. डोळे कोरडे, दाढी आठवड्याची. मांडीवर आडवी काठी धरलेली. आणि त्या काठीवर त्याचा अंगठा अगदी सावकाश पडत होता... उठत होता... पडत होता.

मास्तरांच्या बोटांबरोबर.

महिनाभर अभिनंदनला न आलेलं रडू आता आलं. आई गेली त्या दिवशी लोक म्हणाले होते, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला, तो चौदा महिन्यांचा हिशेब मांडत बसला होता, आणि त्याची त्याला आत्ता लाज वाटली.

त्याचा डावा हात गिटारच्या दांड्यावर होता. बोटं केव्हा चालू लागली ते त्याला कळलं नाही. तारा दबत होत्या, सुटत होत्या. आवाज शून्यावर. गाणं पहिल्या कडव्यातून उतरलं, मुखड्याला टेकलं, पुन्हा वर चढलं. त्याला ते स्वच्छ ऐकू येत होतं. म्हाताऱ्याचा अंगठा, मास्तरांची बोटं, घोड्याच्या टापा, सगळं त्यातच होतं.

गिरणी आली. मास्तरांची टोपी डोक्यावर गेली.

अभिनंदननं आवाजाची कळ फिरवली. सगळे एकदम आले आणि तोही आला. कुठून धरायचं, हा प्रश्नच पडला नाही.

तुकारामनं त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही.

*

मांडवात मंगलाष्टका चालू झाल्या होत्या. शेवटच्या सावधानाला वाजवायचं, म्हणून बँडवाले मांडवामागे लिंबाच्या सावलीत बसून होते. कुणीतरी पन्ह्याचे पेले आणून दिले. अभिनंदननं डोळे पुसले होते, पण पुसल्याचं दिसत होतं.

मास्तर पत्ती तपासत होते.

"मास्तर... शनिवारी त्यांनी मला घेतलं नाही तर?"

मास्तरांनी पत्ती उलटी करून पाहिली.

"खोटं कशाला सांगू? चौदा महिन्यांत एकदाही गिटारला हात लावला नाही मी. पेटी उघडलीसुद्धा नाही. तो दुसरा पोरगा रोज वाजवत होता."

मास्तरांनी पत्ती क्लॅरिनेटला बसवली. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मग तुजं हात काय करत हुतं?"

"काही नाही."

"चौदा म्हैनं?"

आत भटजींनी नवा श्लोक धरला. अक्षता उडाल्याची हलकी सर ऐकू आली.

"आईला झोप लागायची नाही. तिचे पाय चेपत बसायचो. थांबलो की डोळे उघडायची... म्हणून मग थांबायचो नाही."

आत भटजींचा आवाज चढला. बँडवाले उठून उभे राहिले. ढोलवाल्यानं टिपरू उचललं. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांपर्यंत नेलं, आणि पुन्हा खाली घेतलं.

"कंच्या ठेक्यात?"