राजाच्या माठातले ऊन पन्हे

शके सतराशे चोवीस, चैत्र वद्य नवमी. उन्हाळा असा की दुपारी कावळेसुद्धा बोलत नव्हते. त्या दिवशी अंबरगावच्या राजवाड्यात राणीसाहेबांनी चैत्रगौरीचे हळदीकुंकू केले. गावच्या बायकांना पन्हे दिले, आणि ते ऊन निघाले.

कोमट नव्हे. ऊन!

एका सरदारीणबाईंनी पेला ओठाला लावून विचारले, "अगंबाई, काढा दिलात का? कुणाला पडसं झालंय?"

बायका पदराआड हसल्या. ते हसू माजघरातून सदरेवर पोचायला वेळ लागला नाही.

तुळाजीराजे खवळले. लढाई न पाहिलेल्या माणसाला राग काढायला घर पुरते.

"माठ कुणी केला?"

"रखमाजी कुंभारानं," कारभारी नारोपंत म्हणाले. अशा वेळी दुसऱ्याचे नाव त्यांना चटकन आठवे.

माठ तसा चांगला होता. मातीत राख आणि बारीक वाळू मळून रखमाजीने तो घडवला होता. पण वाड्यात आला त्याच दिवशी त्याच्या अंगावर ओल दिसली आणि राजांच्या गालिच्याला डाग पडला. "माठ गळका आहे," असा निकाल राजांनी दिला. मग नारोपंतांनी त्याला बाहेरून लाखेचा जाड लेप देवविला आणि वर सोन्याचा वर्ख चढवला. माठ झळकू लागला. एक थेंब पाझरेना. राजे आणि कारभारी एकमेकांच्या अकलेवर खूश झाले.

आता दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दोघांनी रखमाजीला बोलावून चौकातल्या तापल्या फरशीवर उभे केले. सदरेवर माठ ठेवला, त्यात ताजे पन्हे भरले.

"हे पन्हं गार होईपर्यंत म्हातारा उन्हात उभा राहील!" राजांनी हुकूम सोडला.

रखमाजी साठीचा. गयावया करायची त्याला सवय नव्हती.

त्याची मुलगी धुरपा चाकावरून उठली ती तशीच धावत आली. हाताची माती वाळलेली. बापाला उन्हात उभे पाहिले आणि थेट सदरेवर चढली.

"महाराज, माठाची लाख काढा. तो बाहेरून ओला झाला, त्याला वारा लागला, की पन्हं निवतं. आमच्या घरी गारच असतं."

"तुमच्या घरी!" राजे गुरगुरले. "तुमच्या घरचा माठ आणि आमचा माठ एक का? राजाच्या वस्तूवरचा साज उतरत नसतो! याच माठात, याच साजात पन्हं गार करून दाखव. नाहीतर बाप आहे तिथंच राहील!"

"अगदी न्यायाचं बोललात," नारोपंत म्हणाले. त्यांना कोणी विचारले नव्हते.

धुरपाने एकदा चौकाकडे पाहिले. मग राजांना खालीवर न्याहाळले.

"करते, महाराज. पण हे दिसतं कसं? माठ एवढा सजलेला, आणि त्याच्या शेजारी आपण साध्या मलमलीत! परका माणूस आला तर माठालाच मुजरा करील. आपल्याला म्हणेल, बाबा रे, माठ नीट राख!"

राजांना हे पटले. असल्या गोष्टी त्यांना लगेच पटत. जरीचा अंगरखा आला. त्यावर मखमली डगला, त्यावर शेला, गळ्यात कंठे, डोक्यावर पगडी आणि तुरा.

पंखेवाला पुढे झाला.

"पंखा नको!" धुरपा म्हणाली. "तुरा विस्कटेल."

"किती वेळ बसायचं?" राजांनी विचारले.

"माठ निवेपर्यंत. दोघं एकाच थाटात आहात. बरोबरच निवाल."

राजे माठाशेजारी ऐटीत बसले. थोड्याच वेळात ऐट ओघळू लागली. मान भिजली. डगल्याच्या आत घामाचे तळे साचले.

"नारोपंत, पंखा!"

"तुरा, महाराज," नारोपंतांनी अदबीने आठवण करून दिली.

"खड्ड्यात घाला तुरा!" राजे ताडकन उठले. "काढा रे हे सगळं! आतल्या आत शिजतोय मी!"

हुजऱ्या धावला. धुरपा आडवी आली.

"खबरदार! राजाच्या वस्तूवरचा साज उतरत नसतो. हुकूम आहे महाराजांचा."

"अगं पोरी, घामाला बाहेर पडायला वाट नको? अंगाला वारा नको? त्याशिवाय माणूस गार व्हायचा कसा?"

"माठ कधीचा हेच सांगतोय, महाराज! पण त्याच्या तोंडात पन्हं आहे, म्हणून ऐकू येत नाही!"

राजांनी माठाकडे पाहिले. मग नारोपंतांकडे. मग पगडी भिरकावली आणि असे हसले की कंठे खुळखुळले.

"नारोपंत! आपण माठाला डगला घातला हो!"

"मी काय, हुकमाचा ताबेदार..."

"गप्प बसा! रखमाजीला सावलीत घ्या!"

धुरपा हुकमासाठी थांबली नव्हती. ती केव्हाच बापाला धरून ओसरीवर आणत होती.

पन्हे काढून घेतले. धुरपाने माठ गवताच्या जाळावर धरला. लाख वितळून गळाली, उरली ती जळाली. सोन्याचा वर्ख लाखेबरोबर गेला, नारोपंत बघत राहिले. निवलेला माठ धुऊन पन्हे परत भरले, ओले फडके गुंडाळले आणि वाऱ्याच्या दारात ठेवले. दिवेलागणीला पन्हे गार झाले.

राजांनी हातातले सोन्याचे कडे काढून धुरपाला दिले. तिने घेतले.

"हे माझं झालं. आबांचं काय? चूक आपली, ऊन त्यांनी सोसलं."

नारोपंतांनी डोळे वटारले. राजांनी वटारले नाहीत.

"खरं आहे," ते म्हणाले. "ते देणं आमच्याकडे आहे."

त्यांनी स्वतः पेला भरला, ओसरीवर गेले आणि दोन्ही हातांनी रखमाजीपुढे धरला.

रखमाजीने सावकाश पन्हे संपवले. रिकामा पेला राजांच्या हातात दिला.

"गार आहे," तो म्हणाला.

देणे फिटले.